चार वाजताचा गूळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भंगारवाला बसतो. सायकलींचे सांगाडे, चेपलेले पत्र्याचे डबे, कुठल्याशा शाळेच्या बाकांचे लोखंडी पाय, आणि अलीकडे इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या. परवा भाजी घेऊन परतताना पाहिलं, तर तो तीन विटांच्या चुलीवर कढई ठेवून काहीतरी वितळवत होता. वर राखाडी साय धरलेली. पळीनं ती बाजूला केली की खालून लखलखीत पाणी दिसायचं. शिसं होतं ते. शिशाला वास नसतो असं मी तीसेक वर्षं वर्गात सांगत आले, आणि आजही कोणी विचारलं तर तेच सांगेन. जळतात ते तेल, मळ आणि आम्ल, वास त्यांचा. पण नाकाला शास्त्र शिकवता येत नाही. घशाला कोरड पाडणारा, किंचित गोडसर असा तो वास आला आणि मी मेथीची जुडी हातात धरून भर रस्त्यात उभी राहिले. भंगारवाल्याची बायको शेजारीच बसून लेकराला वरणभात भरवत होती. मी तिला म्हटलं, त्याला घरात घेऊन जा. ती हसली. "काई न्हाई होत बाई, रोजचंच हाय," म्हणाली. रोजचंच आहे म्हणून काही होत नाही, ही समजूत मी पूर्वीही ऐकली होती, आणि तेव्हा मी तिच्याइतकीच निश्चिंत होते.

त्याच दुपारी नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून फोन आला. "आत्या तुमची लई आठवण काढून राहिली. बाईंना बोलव, एक बोलायचं हाय, म्हणती. डॉक्टर म्हणले, आता फार दिवसांचं काम न्हाई." फोन करणारा तिथल्या कॉलेजात नोकरीला आहे. त्याची आत्या म्हणजे माझ्या वहिनी. रक्ताच्या नात्याच्या नव्हेत, कधीकाळच्या घरमालकीण. त्यांची कूस तीनदा भरली आणि तीनदा रिकामी झाली. ते का झालं याचं एक उत्तर त्या आयुष्यभर मनात धरून बसल्या आहेत. ते उत्तर चूक आहे. खरं उत्तर काय असावं ते मला ठाऊक आहे, आणि चाळीस वर्षं होत आली तरी मी ते त्यांना सांगितलेलं नाही. जाण्याआधी हे सगळं एकदा नीट आठवून पाहावं, म्हणून लिहायला बसले आहे.

मी मूळची नांदेडची. लातूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा चोविशीची होते, आणि जगात मला समजत नाही असं फारसं काही नाही अशी माझी खात्री होती. शाळेतल्या एका शिक्षकांनी खोली पाहून दिली. आडत बाजाराच्या मागच्या बोळात पुढं छापखाना, मधे मालकांचं घर आणि मागं अंगणाला लागून माझी खोली. सकाळी जाग यायची ती ट्रेडल मशीनच्या आवाजानं. पायानं दाबत चालवायचं ते यंत्र. एक जड श्वास घेऊन सोडावा तसा त्याचा आवाज होता, आणि त्या आवाजाबरोबर माझ्या खोलीतल्या फळीवरचा तांब्या किंचित थरथरायचा. शाई, रॉकेल आणि बाजारातून येणारा नव्या गुळाचा दरवळ, असा तिहेरी वास त्या बोळाला होता. दिवाळीनंतर गुळाची आवक सुरू झाली की बाकीचे दोन्ही वास त्यापुढं नमतं घेत. पहिल्या वर्षी मी आईला पत्रात लिहिलं होतं की जागा चांगली आहे, माणसं देवमाणसं आहेत, आणि सगळीकडे गोड वास येतो.

मालकांना मी भाऊ म्हणत असे. उंच, हाडकुळे, कायम पांढरा सदरा आणि त्यावर कायम काळे डाग. निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात त्यांच्या घरची शेती होती. मॅट्रिकला दोनदा आपटी खाल्ल्यावर वडिलांनी औताला जुंपायचं ठरवलं, तर हे नांदेडला पळाले. तिथं निजामाच्या काळातला एक छापखाना होता. एका दालनात दगडावर उर्दू छापलं जाई. तिथला कातिब मांडी घालून, श्वास रोखून, बोरूनं एकेक ओळ लिहायचा. दुसऱ्या दालनात मराठीचे खिळे. खिळा म्हणजे शिशाचा बोटभर उंचीचा तुकडा, त्याच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. खणाखणांच्या लाकडी पेटीतून असा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची आणि छापून झाली की तीच अक्षरं सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायची. भाऊ तिथं दहा वर्षं राबले. जुळवायला, छापायला, यंत्राचं दुखणं ओळखायला ते तिथंच शिकले, आणि अक्षराची अदबही तिथलीच. त्यांच्या उस्तादांचं नाव घेताना ते कानाच्या पाळीला हात लावत. मग हैदराबादेहून एक जुनं ट्रेडल सुटं करून ट्रकमधून लातूरला आणलं आणि बोळातल्या लोकांनी गणपती बघायला यावं तसं ते बघायला गर्दी केली. लग्नपत्रिका, हँडबिलं, आडतीच्या पट्ट्या, शाळांचे पेपर. पंचक्रोशीत कोणाचं लग्न ठरलं, कोण वारलं, कोणाचं दुकान उघडलं, हे भाऊंना गावाच्या आधी कळायचं.

छापखान्यात दुसरे जुळारी होते ते रेणापूरचे मामा. वयानं भाऊंपेक्षा मोठे, बोलणं मोजकं आणि तिरकस. रात्रशाळेत अक्षरओळख झाली आणि मग अक्षरांनी सोडलंच नाही, असं ते म्हणत. चौदा एप्रिलच्या जयंतीचं पत्रक मात्र ते दुसऱ्या कोणाला जुळवू देत नसत. त्या दिवशी धुतलेला सदरा घालून येत. आणि तिसऱ्या वहिनी. त्यांचं काम आतल्या खोलीत. छापून झालेल्या मजकुराचे खिळे रॉकेलनं धुऊन त्यांच्यापुढं ठेवले जात आणि त्या ते सोडवत बसत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकल्या त्या याच खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. परिणाम असा की छापलेला कागद त्यांना अडखळत वाचावा लागे, आणि वर्तमानपत्र मात्र आरशात धरलं की घडाघडा वाचत. मी त्यांना चिडवायची की तुमची सगळी दुनियाच आरशातली. त्या हसायच्या तेव्हा ओठांत धरलेले दोन खिळे चमकायचे. हात अपुरे पडले की शिंपी टाचण्या धरतो तसे त्या खिळे ओठांत धरत. ते चित्र मला तेव्हा फार गोड वाटायचं.

आता गुळाचं सांगते. रोज दुपारी चार वाजता भाऊ यंत्र थांबवत. कोनाड्यातली गुळाची ढेप काढून अडकित्त्याच्या टोकानं खडे पाडत, आणि एकेकाच्या तळहातावर ठेवत. मामांना, वहिनींना, मी तिथं असले तर मलाही. हा नेम त्यांच्या उस्तादांचा. नांदेडच्या छापखान्यात म्हणे गूळ चुकला तर उस्ताद काम बंद ठेवत. "शिसं वाईट असतंय बाई," भाऊंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "पोटात गेलं की बसून राहतंय. गुळानं उतरतं. जुळाऱ्यानं गूळ सोडू नये." म्हणजे पहा, शिसं विषारी आहे हे त्यांना माहीत होतं. ते अडाणी नव्हते, निष्काळजी तर मुळीच नव्हते. विषाची जाण होती आणि त्यावर उतारा होता, तो पिढीजात आणि विश्वासाचा. खिळे हाताळून काळ्या झालेल्या चिमटीत तो खडा धरायचा, बोटं चाटूनपुसून खायचा आणि पुन्हा खिळ्यांना लागायचं. हात धुवायचे ते घरी जाताना. मीही तो गूळ खाल्ला आहे. चव अजून जिभेवर आहे, थोडी रॉकेलची, थोडी कसलीतरी थंड.

मी राहायला गेले त्याआधी वहिनींचे दोन गर्भ गेले होते, एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या. बोळातल्या बायकांनी कारणंही शोधून ठेवली होती. म्हणे जागा वाईट. म्हणे दिवसभर उलटी अक्षरं हाताळते त्या बाईचं सुलट कसं होईल. म्हणे या छापखान्यात मांजर टिकत नाही. ते मात्र खरं होतं. मी तिथं असताना दोन मांजरं आली. एक भिंतीला डोकं लावून नुसतं उभं राहायचं, आणि एके सकाळी पेट्यांच्या खाली ताठ होऊन पडलेलं सापडलं. उंदीर खाऊन विष चढलं असेल, असं मी सर्वांना समजावून सांगितलं. मामांच्या पोटात अधूनमधून कळ यायची, इतकी की ते पेटीला धरून वाकत, कपाळावर घाम, ओठ पांढरे. रेणापूरची मिरची बाधते, असं ते स्वतःच म्हणत. भाऊंचा चेहरा मातीसारखा झाला होता आणि संध्याकाळी त्यांना बोटं सरळ करायला वेळ लागायचा. एकेक खूण डोळ्यांसमोर मांडलेली होती आणि मी रोज तिच्यावरून चालत जात होते.

सहामाहीचे पेपर भाऊंकडेच छापत. पेपर फुटू नये म्हणून ज्याचा विषय त्या शिक्षकानं छपाई होईस्तोवर तिथं बसायचं असा शाळेचा दंडक होता. त्या वर्षी आठवीच्या पेपरात मी एक प्रश्न काढला होता: शिशाचे दोन उपयोग लिहा. मामांनी तो जुळवला, मान वर केली आणि विचारलं, "बाई, ह्याचं उत्तर काय?" मी सांगितलं की एक, छपाईचे खिळे. मामांना मौज वाटली. शिशाबद्दल शिशातच प्रश्न. मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुमच्या पुस्तकात गुळाचं लिव्हलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग अर्धंच पुस्तक हाय," असं म्हणून ते पुन्हा पेटीकडं वळले. मी हसले. पुस्तकात खरोखर अर्धंच होतं. शिसं कशाकशाला लागतं तेवढं होतं, ते माणसाला काय करतं यावर एक ओळ होती आणि ती परीक्षेला येत नसे, म्हणून मी ती शिकवत नव्हते.

त्याच सुमारास वहिनींना तिसऱ्यांदा दिवस गेले. भाऊंना काय करू आणि काय नको असं झालं. चारच्या गुळाचा वहिनींचा खडा दुप्पट झाला. तो ते आता त्यांच्या तळहातावर न ठेवता स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडात घालत, आणि आम्ही मान वळवून हसत असू. पाचव्या महिन्यात वहिनींची आई गावाहून आली. तिनं कोणा जाणत्याला विचारलं होतं. त्यानं सांगितलं की वास्तू बाधिक आहे, पोरीला बाळंत होईस्तोवर त्या उंबऱ्याच्या आत ठेवू नका. म्हातारी तिला घेऊन जायला आली होती. वहिनी माझ्या खोलीत आल्या. दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा. जाऊ का ऱ्हाऊ?"

मी काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, वहिनी, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, म्हणून कावळ्याला दोष देतात. जागा कधी बाधत नाही. तुमच्या गावाला दवाखाना नाही, पावसाळ्यात एसटी बंद असते. इथं सरकारी दवाखाना पाच मिनिटांवर आहे. राहा. बिनधास्त काम करा, हालचाल चांगलीच असते. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली. त्या दिवशी मी फार खूश होते. एका बाईला अंधश्रद्धेतून सोडवल्याचं समाधान मला झालं होतं. अडाणी म्हातारी आपल्या लेकीला शिशापासून चार महिने दूर न्यायला आली होती, आणि विज्ञानाच्या बाईनं तिला परत पाठवलं.

पुढची गोष्ट वार्षिक परीक्षेच्या तोंडावरची. छापखान्याचा एक रिवाज होता की पोटुशी बाईनं तेरवीच्या कार्डाचे खिळे सोडवायचे नाहीत. मेल्या माणसाचं नाव ज्या खिळ्यांनी जुळलं ते तिच्या हाताला लागू नयेत म्हणून. भाऊ हा रिवाज कसोशीनं पाळत. लग्नपत्रिकांचे खिळे वहिनींकडे जात, तेरवीचे मामा सोडवत. लग्नपत्रिकेचंही शिसं तेच असतं हे कोणाच्या मनातही आलं नाही. त्या दिवशी मामा पोट धरून घरी गेले होते. भाऊ बाजारात. माझा पेपर अडला, कारण त्या मापाचे खिळे छापखान्यात तेवढेच होते आणि निम्मे एका तेरवीच्या कार्डाच्या जुळणीत अडकून पडले होते. ते सुटल्याशिवाय माझा पेपर जुळणार नव्हता. मी घड्याळ पाहत होते. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, कार्डाकडं पाहिलं. मी म्हटलं, "खिळे ते खिळे, वहिनी. त्यांना काय ठाऊक कोणाचं नाव होतं ते." त्यांनी थोडा वेळ पदराशी चाळा केला आणि मग कार्डाची ती जुळणी मांडीवर ओढली. सोडवून झाल्यावर म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका, बाई." मी शब्द दिला.

आठव्या महिन्यात मुलगी झाली. मूठभर जीव, रडणं मांजरीच्या पिलासारखं. दहाव्या दिवशी गेली. बारशासाठी भाऊंनी कार्डाचा कागद आणून ठेवला होता, गुलाबी. तो पुढं कुठल्यातरी दुकानाच्या उद्घाटनाला वापरला. वहिनी रडल्या नाहीत. अंगणात मला एकटीला गाठून एवढंच म्हणाल्या, "कार्डानं नेली, बाई." मी त्यांना जवळ घेतलं आणि असं काही नसतं, असं काही नसतं, असं घोकत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. पुढं त्यांची कूस भरली नाही. माझं लग्न झालं, मी दुसरीकडे राहायला गेले, मला दोन मुलं झाली. दोन्ही बारशांना वहिनी आल्या, लांब भिंतीशी बसल्या, आणि पाळण्याला त्यांनी हात लावला नाही.

मुलगी गेली त्यानंतर दोन-तीन वर्षांनी भाऊंचं मनगट पडलं. जुळवता जुळवता हात मनगटातून खाली लोंबला आणि उचलेना. लातूरला गुण येईना म्हणून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं. माझं माहेर तिथं, सुट्टीही होती, म्हणून सोबत मी गेले. डॉक्टर तरुण होता. त्यानं हात पाहिला, धंदा विचारला, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. त्यानं मलाही ती बोलावून दाखवली, कारण मी विज्ञान शिकवते असं मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. शिसं अंगात भिनलंय, म्हणाला. मग सहज म्हणून विचारलं, घरात आणखी कोणी हे काम करतं का? बाईमाणूस? मुलं आहेत का? भाऊंनी तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, नक्की असं कोणी सांगू शकणार नाही, पण असं होतं, पोटातलं लेकरू टिकत नाही. भाऊंनी विचारलं, "पर आमी गूळ खात होतो, साहेब. रोज." गुळानं काही उतरत नाही, डॉक्टर म्हणाला. उलट त्याच हातांनी खाता ना? त्याच वाटेनं जातं ते.

नांदेडच्या एसटी स्टँडवर लातूरची गाडी लागायला वेळ होता. भाऊ बाकावर बसले होते आणि पडलेला हात दुसऱ्या हातानं मांडीवर धरून त्याच्याकडं पाहत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. मग म्हणाले, "तिला सांगू नका, बाई. मी माझ्या हातानं चारलंय तिला." मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की भाऊ, त्या बिचाऱ्या स्वतःला अपराधी समजत आहेत. पण ते म्हणायचं तर कार्डाचं सांगावं लागलं असतं, आणि कार्डाचं न सांगण्याचा शब्द मी आधीच दिला होता. शिवाय, खरं बोलायचं तर, कार्ड कोणी सोडवायला लावलं आणि म्हातारीला कोणी परत पाठवलं, हेही त्यातून निघालं असतं. मी म्हटलं, नाही सांगत. दोन माणसं एका छपराखाली एकाच दुःखाची दोन कारणं उराशी धरून जगणार होती, दोन्ही कारणं फक्त मला ठाऊक होती, आणि मी गाडीची वाट पाहत शेंगा सोलत बसले.

पुढं भाऊंनी खिळे विकून टाकले. कोणीतरी ते वितळवायला नेले. नंतर ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर. छापखाना चालला, नावारूपालाही आला. मामा निवृत्त होऊन रेणापूरला गेले आणि तिथंच वारले. बारा वर्षांमागं भाऊ गेले. त्यांच्या तेरवीचं कार्ड पुण्याहून छापून आलेल्या पत्रिकेसारखं गुळगुळीत होतं. वहिनी भाच्याकडं विष्णुपुरीला राहायला गेल्या, आणि मी वर्षातून एखादा फोन करत राहिले.

इथवर लिहून मी विष्णुपुरीला जाऊन आले. पुढचं आता लिहिते आहे.

भाच्याच्या घराच्या मागच्या ओट्यावरून धरणाचं पाणी दिसतं. ओळखीची गोदावरी, पण इथं ती वाहत नाही, नुसती पसरून असते. वहिनी बाजेवर होत्या, लहान झालेल्या. भाचेसून चहा ठेवून आत गेली तशा त्या म्हणाल्या, "बाई, त्या कार्डाचं मी ह्यांना शेवटपर्यंत सांगितलं न्हाई. तसंच गेले ते. आता मी चालले. तिथं इचारलं त्यांनी, तर काय सांगू?"

मग मी सांगितलं. एकदाचं सगळं सांगितलं. शिसं काय करतं, हिरडीवरची रेघ, डॉक्टर, गूळ, त्यांची आई, मी दिलेला सल्ला. पाण्याकडं पाहत त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा मला बोलतील. त्यांनी विचारलं, "मग कार्डानं न्हाई?"

"न्हाई, वहिनी. कार्डानं न्हाई."

"त्यांना ठावं होतं?"

"हाव. नांदेडच्या दवाखान्यापासून."

नंतर बोलल्या त्या माझ्याशी नव्हे, हिशेब लागत नव्हता तो लावल्यासारखं स्वतःशीच. "नांदेडहून आले, त्या दिसापासून त्यांनी माझ्या हातात काई दिलं न्हाई. चाहाची कपबशी खाली ठेवायचे, मग मी उचलायची. साडी आणली तर बाजेवर ठेवून जायचे. खिळ्यांजवळ येऊ देईनात. आपले हात मातर सारखे धुत बसायचे. मी म्हणलं, कार्डाचं कळलं ह्यांना. माझा इटाळ धरला. कधी तोंडानं बोलले न्हाईत, म्हणून मी बी इचारलं न्हाई." आणि मग माझ्याकडं वळून, "तवाच का न्हाई सांगितलं, बाई?"

मी म्हटलं, भाऊंना शब्द दिला होता. तुम्हालाही दिला होता.

"शब्द लई पाळले तुमी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी नांदेडनंतरच्या पंचवीस वर्षांतल्या त्या घराचा विचार करत होते. एक माणूस आपल्याच हातांना भीत होता, आणि त्याची बायको समजत होती की तो तिला भितो. काळ सगळं विसरायला लावतो म्हणतात, पण त्या घरात त्यानं काहीच विसरू दिलं नाही, नुसतं एकेकाला वेगळं करून ठेवलं. वहिनींना निदान उशिरा का होईना, कळलं. त्यांनी भाऊंना कधी दोष दिला नसता, हे मला ओट्यावरच्या त्या दहा मिनिटांत समजलं. ते ऐकायला मात्र आता भाऊ नाहीत.